कम्युनिटी कॉलेजच्या लिबरल आर्ट्स पदवीचे आर्थिक मोल किती?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेजवळ राहतो. मुलीला इतिहास आणि साहित्याची ओढ आहे व तिला कम्युनिटी कॉलेजातून (म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयातून) लिबरल आर्ट्सची, म्हणजे साहित्य, इतिहास अशा सर्वसाधारण विषयांची, दोन वर्षांची असोसिएट पदवी घ्यायची आहे. आर्थिकदृष्ट्या हे शहाणपणाचे ठरेल का, की नर्सिंगचा आग्रह धरावा?

उत्तर १: नर्सिंगची असोसिएट पदवी परवाना परीक्षेपर्यंत नेते आणि थेट नोकरीचे दार उघडते; लिबरल आर्ट्सची तशी नेत नाही, हे आधी मान्य करावे. मात्र ती चार वर्षांच्या पदवीचा पहिला टप्पा मानली, तर हिशेब पूर्ण बदलतो. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना या कॉलेजांत एका युनिटला (अभ्यासक्रमाच्या श्रेयांकाला) ४६ डॉलर शुल्क पडते, म्हणजे ६० युनिटांचे २,७६० डॉलर. पुस्तके आणि प्रवास वेगळा. घरी राहून शिकल्यास कर्जाविना निम्मी वाट सरते. आवड नसताना नर्सिंग लादू नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर २: वरील मताशी सहमत आहे, पण विषयनिवडीत हयगय नको. नुसत्या ‘लिबरल आर्ट्स’ऐवजी इतिहासाची ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ (पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यासाठी आखलेली असोसिएट पदवी) घेतल्यास कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या अनेक कॅम्पसच्या सरकारी विद्यापीठाच्या व्यवस्थेत प्रवेशाची हमी मिळते, मात्र हव्या त्याच कॅम्पसची नाही, आणि मिळत्याजुळत्या विषयात उरलेली पदवी आणखी ६० युनिटांत पूर्ण करता येते. युनिट वाया गेले की बचतही जाते, म्हणून पहिल्याच सत्रात समुपदेशकाकडून लेखी शैक्षणिक आराखडा करून घ्यावा.