शब्दचर्चा: गोळी, काडतूस, पुंगळी आणि बार

अडलेला अनुवादक:
मोंटानातल्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या आठवणींचं मराठी करतोय. अर्धा मजकूर गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरण्याचा, उरलेला मित्रांशी वाद घालण्याचा. एल्कसाठी (हे तिकडचं मोठं हरीण) .३०-०६ बरी की ६.५ क्रीडमोर (ही दोन्ही रायफलच्या काडतुसांची नावं), कमरेला रिव्हॉल्वर बरं की पिस्तूल, असले वाद. मी जन्मात बंदूक हातात धरलेली नाही. इंग्रजीत कार्ट्रिज, बुलेट, राउंड, शेल, केस, लोड असे सहा शब्द नाचतात, माझ्याकडे दोनच: गोळी आणि काडतूस. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे 'गोळी'च घातलं होतं. त्यामुळे एक वाक्य झालं, 'त्याने गोळीत गोळी बसवली.' संपादकबाईंनी समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं.
आणि हँडलोडिंगचं काय करू? 'हस्तभरण' सुचलं, पण ते बँकेत पैसे भरायला गेल्यासारखं वाटतं.

जुना पंचनामा:
आमच्या खात्यात हा घोळ कधीच नव्हता, कारण पंचनाम्यात चूक झाली की कोर्टात वकील सोलून काढतो. न उडालेलं ते 'जिवंत काडतूस'. उडाल्यावर पितळेचं जे रिकामं नळकांडं मागे राहतं ती 'पुंगळी'. समोर जाऊन लागते, भिंतीत किंवा माणसात सापडते, ती 'गोळी'. म्हणजे तुमच्या म्हाताऱ्याने गोळीत गोळी नाही, पुंगळीत गोळी बसवली. केससाठी पुंगळी बिनधास्त वापरा, वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही कळेल.
राउंडला आम्ही राउंडच म्हणायचो. 'दोन राउंड फायर केले.' मराठी हवं असेल तर 'फैर' आहे, पण फैर म्हणजे झाडण्याची क्रिया. हवेत तीन फैरी झाडता येतात, कपाटात पाचशे फैरी ठेवता येत नाहीत. तिथे काडतुसंच ठेवावी लागतात. आणि कृपा करून 'फेरी' लिहू नका. बंदुकीच्या तीन फेऱ्या झाल्या असं मी छापलेलं पाहिलंय, जणू वाटाघाटी चालल्या होत्या.

चित्रकलेचा तास:
काडतूस पोर्तुगिजांकडून आलं, पिस्तूलही. काडतूस मुळात कागदाची सुरळी होती, हे लक्षात ठेवलं की गोंधळ आपोआप सुटतो. सुरळीत मोजून दारू, टोकाला गोळी. १८५७ साली एनफील्डच्या ज्या काडतुसांवरून शिपाई भडकले ती अशीच कागदी होती. कागद दाताने तोडायचा, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. चरबी लावलेली म्हणतात ती त्या कागदाला. म्हणजे काडतूस हे पुडकं आणि गोळी त्यातली एक वस्तू.
शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला जो जाडसर कार्ट्रिज पेपर आणायला सांगायचे, तोही या सुरळ्यांचाच वंशज. मी त्यावर वर्षानुवर्षं स्थिरचित्रं काढली, नावाचा विचार कधी केला नाही.

कुडाळकर:
अनुवादकबुवा, हस्तभरण वगैरे कशाला? शब्द घरात आहे. 'बार भरणे.'
आमच्या आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. सिंधुदुर्गात अजून पुष्कळांकडे आहे; माकडं आणि रानडुकरं यांना कायदा वाचून दाखवता येत नाही. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि नेमकं तेव्हाच डुकरांना कसं कळतं देव जाणे. आजोबा नळीत दारू ओतायचे, त्यावर काथ्याचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि गजाने ठासायचे. 'बार घट बसाक व्हयो' हे त्यांचं पालुपद. शेवटी मागे केप लावायची. तुमचा म्हातारा गॅरेजमध्ये करतो ते वेगळं काय? दारू, गोळी, आणि पेटवायला एक टिकली. फरक इतकाच की तो हे सगळं नळीत न घालता पुंगळीत घालतो.
बार म्हणजे एका वेळेला भरलेला ऐवज, आणि तो उडाल्याचा आवाजसुद्धा. इंग्रजी लोडला इतका चपखल शब्द दुसरा नाही. फुसका बार इथलाच. लग्नाचा बार उडवतात तोही इथलाच.

अडलेला अनुवादक:
कुडाळकर, शब्द झकास, पण आमच्या साताऱ्याकडे 'बार भरला' म्हटलं की माणसाने तंबाखूला चुना लावून ती दाढेखाली ठेवली असाच अर्थ होतो. 'तो रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये बसून बार भरत असे' असं लिहिलं तर निम्मे वाचक त्याच्याकडे चुना मागतील.

कुडाळकर:
तोसुद्धा हँडलोडिंगच झाला की! हातावरच मळतात.
मग 'काडतुसं भरणे' लिहा, आणि एकेका मिश्रणाबद्दल बोलायचं तिथे 'बार' ठेवा. 'या बाराने कळप थोडा उजवीकडे जातो' वगैरे, कळप म्हणजे निशाण्यावर गोळ्यांच्या छिद्रांचा झुबका. लोड मात्र देवनागरीत तसंच ठेवू नका, लोड आपल्याकडे तक्क्याशेजारी असतो.
प्रायमरलाही, म्हणजे दारू पेटवणाऱ्या त्या टिकलीलाही, नवा शब्द नको. आम्ही केप म्हणतो, दिवाळीत पोरं त्याच जातीच्या वस्तूला टिकली म्हणतात. टोपी हाही जुना शब्द आहे. यातलं काहीही चालेल, 'प्रज्वलक' सोडून.

नेमबाज, निवृत्त:
मी पुण्यात बरीच वर्षं .२२ने ५० मीटर रायफल खेळलो, त्यामुळे माझी समज तेवढ्याच चौकटीतली. त्या खेळात काडतूस भरण्याचा प्रश्नच येत नाही. .२२ हे कडेला ठोका बसणारं काडतूस. पेटणारा मसाला पुंगळीच्या घडीतच भरलेला असतो, बाहेरून बसवायची वेगळी टिकली नसते. एकदा उडालं की पुंगळी भंगारात. आमची हौस म्हणजे एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं आपल्या नळीतून उडवून बघायची आणि ज्याचा कळप सर्वांत लहान त्याची खोकी घेऊन ठेवायची. तेजस्विनी सावंत असो की स्वप्नील कुसाळे, या प्रकारात लॉटची निवड सगळ्यांनाच करावी लागते. (कुडाळकरांनी कळप शब्द आधीच वापरला म्हणून आनंद झाला. मी ग्रुपिंगसाठी हाच वापरतो.)
बाकी आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्यात बसत नाही, त्यामुळे अमेरिकेसारखी घरोघरची भरणी इथे रुजलीच नाही आणि तिचे शब्दही घडले नाहीत. बारा बोअरची बंदूक असणाऱ्यांना खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली काडतुसं मिळायची, तीच वापरायची.
आता मुख्य मुद्दा. अनुवादकबुवा, तुमच्या खर्ड्यात गोळ्यांची वजनं कशात आहेत?

अडलेला अनुवादक:
ग्रॅममध्ये. .३०-०६ची १८० ग्रॅमची गोळी, क्रीडमोरची १४० ग्रॅमची.

नेमबाज, निवृत्त:
वाटलंच. अहो, क्रिकेटचा लेदरचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास असतो. त्याहून जड गोळी खांद्यावरून उडवली तर शिकारी एल्कच्या आधी आडवा होईल. ते ग्रॅम नव्हेत, ग्रेन. एका पौंडात ७००० ग्रेन. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, आपल्या गुंजेसारखंच बियांवरून पडलेलं माप.
यात एक गंमत आहे. इंग्रजांनी १८३३ साली तोळा पक्का केला तो बरोबर १८० ग्रेनांचा. म्हणजे .३०-०६ची ती गाजलेली १८० ग्रेनची गोळी नेमकी एक तोळा भरते. हल्लीचा सराफाचा दहा ग्रॅमचा तोळा नव्हे, जुना पावणेबारा ग्रॅमच्या जरा आतला. एक मासा म्हणजे १५ ग्रेन. १५० ग्रेनची गोळी दहा मासे, १६५ची अकरा मासे. क्रीडमोरची १४०ची सव्वानऊ मासे आणि वर किंचित. पिस्तुलात ९ मिलिमीटरची ११५ ग्रेनची पावणेआठ माशांच्या आत, आणि .४५ची २३० ग्रेनची सव्वा तोळ्याहून थोडी जास्त. आमच्या .२२ची ४० ग्रेनची गोळी पावणेतीन मासेसुद्धा नाही.
पुस्तकात ग्रेनच ठेवा. पण सुरुवातीला एका ओळीत 'तोळाभर शिसं' म्हणून टाकलंत तर मराठी वाचकाच्या तळहाताला वजन कळेल.

कोलोरॅडोहून:
माझा शेजारी याच काडतुसं भरणाऱ्यांच्या पंथातला आहे, म्हणून थोडं. त्याच्याकडे जेवायला गेलं की भाजीपेक्षा काडतुसांवर जास्त बोलणं होतं. तुमचा अनुवाद शब्दांपेक्षा आकड्यांत जास्त अडेल असं मला वाटतं. .३०-०६मधला ०६ म्हणजे १९०६ साल. .३०-३०मधलं दुसरं तीस म्हणजे दारूचं वजन, तेही ग्रेनमध्ये. .४५-७०मधलं सत्तरही दारूचंच, काळ्या दारूचं. .३८ स्पेशलची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची, म्हणून .३५७ मॅग्नम रिव्हॉल्वरमध्ये .३८ची काडतुसं चालतात, उलट चालत नाही. आणि मॅग्नम हे तर मद्याच्या मोठ्या बाटलीचं नाव. मी एकदा विचारलं, या नावांना काही नियम आहे का? तो म्हणाला, जसा तुमच्या आडनावांना आहे तसाच.
त्यांचे वाद ऐकताना एक जाणवतं. .३०-०६वाला शंभर वर्षांच्या शिकारीची साक्ष काढतो. क्रीडमोर २००७ची, तिचा माणूस झटका कमी, वारा कमी ढकलतो, लांबवर गोळी सरळ, असं आकड्यांनी बोलतो. जुना माणूस त्याला नवशिक्यांची रायफल म्हणून हिणवतो. आपल्याकडे पितळेचा स्टोव्ह आणि इंडक्शनवर व्हायचं तसंच. .४५ आणि ९ मिलिमीटरचंही तेच; .४५वाल्यांना १९११ सालचं ब्राउनिंगचं पिस्तूल म्हणजे देव्हारा. त्यामुळे .३०-०६ला 'तीस-शून्य-सहा' लिहू नका. ते 'थर्टी-ऑट-सिक्स' म्हणतात, आणि त्या 'ऑट'मध्येच सगळी माया आहे. तसंच ठेवा, एकदाच समजवा.

जुना पंचनामा:
आकड्यांवरून आठवलं, 'बोअर' जपून वापरा. आपल्याकडे 'बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर' सर्रास म्हणतात, मीही लिहिलंय. पण बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक नळीत बसेल, साधारण साडेअठरा मिलिमीटर. त्या हिशेबाने खरं बत्तीस बोअर तेरा मिलिमीटरच्या वर जाईल. रिव्हॉल्वरचं .३२ हे इंचाचं, जेमतेम आठ मिलिमीटर. तिथे आधी टिंब असतं, ते छापताना गळतं आणि सगळा घोटाळा होतो.
आणि पिस्तूल-रिव्हॉल्वर एकच समजू नका, वार्ताहर रोज समजतात. फिरती चाती असेल तर रिव्हॉल्वर.

अडलेला अनुवादक:
दोन्हींना मिळून हँडगन येतं तिथे काय करू? 'हातबंदूक'?

कुडाळकर:
हातात न धरायची बंदूक कुठली असते?

जुना पंचनामा:
संदर्भात जे असेल त्याचं नाव घ्या, नाहीतर 'पिस्तूल-रिव्हॉल्वर' असं जोडीने लिहा. मुंबईत 'घोडा' म्हणतात, पण तो शब्द मोंटानात नेलात तर म्हातारा खोगीर शोधेल. शिवाय घोडा तुम्हाला दुसरीकडे लागणार आहे. रिव्हॉल्वरवाले अंगठ्याने मागे ओढतात तो घोडा, बोटाने ओढतात तो चाप. 'घोडा चढवून मारणे' आणि 'नुसता चाप ओढून मारणे', यावर ते दहा पानं भांडतात, बघा.

अडलेला अनुवादक:
बारा पानं भांडलाय.
तर ठरलं असं: काडतूस, पुंगळी, गोळी, टिकली, दारू, आणि त्यांचा मेळ तो बार. हँडलोडिंग म्हणजे काडतुसं भरणं. ग्रॅम सगळे खोडले. तोळ्याची ओळ घेतोय, नेमबाजसाहेब.
एकच अडलंय. कारखान्यात न मिळणारं, दुसऱ्याच काडतुसाची पुंगळी दाबून-आवळून हौशी लोकांनी स्वतः घडवलेलं काडतूस असतं, त्याला ते वाइल्डकॅट म्हणतात. .२२-२५० हे आधी असंच होतं म्हणे, १९६५ साली रेमिंग्टनने बाजारात आणलं. 'रानमांजर' लिहू का? 'गावठी' सुचलं होतं.

जुना पंचनामा:
गावठी नको! गावठी म्हटलं की आमच्या लोकांना कट्टाच दिसतो, आणि तुमचा म्हातारा पान १४०वर आरोपी होतो.

कुडाळकर:
रानमांजर ठेवा. आमच्याकडे तेही कुणी पाळलेलं नसतं, कोंबड्यांच्या खुराड्याशी मात्र रोज हजर.