विंडोज ९८ चे गोडवे आता पुरेत

अनुस्वार:
'खुडबुड्या' यांच्या लेखाखालीच लिहायला बसले होते, पण प्रतिसाद लेखाहून लांब व्हायला लागला, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १९९९ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे पार्ट आणून जोडलेला पेंटियम आजच्या कुठल्याही लॅपटॉपपेक्षा सरस होता. का, तर तो उघडता यायचा, आपल्या मालकीचा होता, कोणी पाळत ठेवत नव्हतं आणि तेव्हाची मुलं 'खरा कॉम्प्युटर' शिकली, आताची नुसती बोटं फिरवतात. खाली प्रतिसादांत 'अगदी अगदी', 'डोळ्यांत पाणी आलं' आणि मोडेमचा आवाज अक्षरांत लिहून काढणारे दोघंतिघं.

मला नाही आलं पाणी.

अहो, त्या पेंटियमवर चालायचं ते विंडोज ९८ बाजारात यायच्या आधीच, एप्रिल १९९८ मध्ये, शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स मंचावर उभे असताना आडवं झालं होतं. स्कॅनरची वायर जोडली आणि निळा पडदा. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये आणखी एक दोष होता: मशीन ४९.७ दिवस सलग चालू राहिलं की गोठायचं, कारण मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा तिथे भरायचा. हा दोष सापडायलाच काही वर्षं गेली. एवढे दिवस कोणाचं चालतंय, म्हणून सापडणार?

आणि पाळत नव्हती म्हणे. पासवर्ड विचारणाऱ्या चौकटीत एस्केप दाबलं की आत! पाळत ठेवायला कोणी यायची गरजच नव्हती, दार सताड उघडं होतं. २६ एप्रिल १९९९, सोमवार. सीआयएच व्हायरस त्या तारखेला जागा झाला. आमच्या कॉलेजच्या लॅबमधली निम्मी मशीनं सकाळी चालूच होईनात, कारण तो हार्डडिस्क तर पुसायचाच, वर बायोसवरही, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या चिपवरही, लिहायचा. सबमिशन तोंडावर, आणि आमचे प्रोजेक्ट गेले. गोडवे गाताना हेही गा.

पण मला खरी चीड आली ती 'मुलं शिकली' या वाक्याची. कुठली मुलं? आमच्या सोसायटीत तेव्हा एकाच घरात कॉम्प्युटर होता. चाळीस हजारांच्या पुढची वस्तू, बँकेतून कर्ज काढून आणलेली, त्यावर क्रोशाचं कव्हर. खुर्चीवर त्या घरचा मुलगा, मागे आम्ही चारपाच जण उभे. मुलग्यांना मधूनमधून खुर्ची मिळायची. मला आणि माझ्या मैत्रिणीला 'हात लावू नका गं, बिघडेल'. माऊसला पहिल्यांदा हात लागला तो थेट कॉलेजात. तर तुमचं सोनेरी युग म्हणजे ज्याला खुर्ची मिळाली त्याचं युग.

खुडबुड्या:
ताई, लेख नीट वाचला असतात तर दिसलं असतं की मी विंडोजचं कौतुक केलेलंच नाही. मी यंत्राबद्दल बोललो. गेट्सच्या निळ्या पडद्याचा माझ्या कॅबिनेटशी काय संबंध?

हार्डडिस्कच्या पाठीमागे, आयडीई केबलच्या खाचेशेजारी, दोन-दोन पिनांची एक रांग असायची. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी. ती इकडून तिकडे सरकवली की डिस्क मास्टरची स्लेव्ह, म्हणजे पहिल्या नंबरची दुसऱ्या नंबरची. चिमट्याने धरायची, हातातून सुटली की फरशीवर अर्धा तास शोधायची. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, जळला तर कोपऱ्यावरचा माणूस तीनशेत दुसरा बसवून द्यायचा. रॅम वाढवायची तर कॅबिनेटचे दोन स्क्रू काढायचे. आता? रॅम बोर्डावरच डाखलेली, बॅटरी आत चिकटवलेली.

माझ्याकडे सातव्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर असलेला लॅपटॉप आहे. ठणठणीत. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ म्हणतं आठव्या पिढीच्या खालचं चालणार नाही, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे. म्हणजे चालतं मशीन भंगारात? याला प्रगती म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. माझा पेंटियम थ्री अजून चालू आहे आणि हा प्रतिसाद मी लॅपटॉपला जोडलेल्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डवर लिहितोय, २००१ चा आहे. खटखट शेजारच्या बिल्डिंगमध्ये ऐकू जाते.

खुर्चीबद्दल काय बोलणार. वाईट झालं. पण तो कॉम्प्युटरचा दोष नाही, शेजाऱ्यांचा.

तिरकस:
'आपल्या मालकीचा'! वा! खुडबुड्याशेठ, एकच प्रश्न. त्या मालकीच्या मशीनवर जी विंडोज होती, तिची सीडी कुठल्या दुकानातून बिलासकट घेतली होती? मार्करने नाव लिहिलेली शंभर रुपयांची सीडी होती ना फुटपाथवरची? की तीही 'सुटा पार्ट' म्हणून मोजायची?

खुडबुड्या:
हो, होती. तुमची कुठली होती? तेव्हा देशात बिलवाली विंडोज घेतलेले किती जण भेटले तुम्हाला? आणि पीसीक्वेस्ट मासिकाच्या अंकासोबत लिनक्स या मोफत प्रणालीची सीडी यायची ती मी वापरलेली आहे, मोडेम चालू करायला महिनाभर झगडलो होतो. मुद्दा काय, तुम्ही बोलताय काय. वैयक्तिक व्हायचं असेल तर मलाही येतं.

ऑरेंजसिटी:
तुम्ही मुंबई-पुण्यावाले लोडशेडिंगचं नाव काढत नाही बे. २००५-०६ मध्ये आमच्या तालुक्याला दिवसातून किती तास लाईट असे ते विचारा. यूपीएस दहा मिनिटं टिटिट करे आणि मग सगळं गुडूप, सेव्ह केलं असेल तर केलं. लॅपटॉपची बॅटरी चिकटवलेली आहे म्हणून रडू येते का? आम्हाला ती बॅटरी पाहून देव भेटला होता, भाऊ.

चौदा पॉइंट:
चर्चा भलतीकडं चालली आहे. जुन्या कॉम्प्युटरनं मराठीचं काय केलं ते कोण बोलणार?

माझा छापखाना आहे, सांगलीकडं. १९९६ पासून डीटीपी करतोय, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावतोय. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, शाळांची स्मरणिका, आणि एका दिवाळी अंकाचं काम सलग बारा वर्षं. सगळं पेजमेकर सॉफ्टवेअरमध्ये. त्या फायली आज माझ्याकडं आहेत आणि नाहीत. उघडल्या की डोक्यावर टोप्या-टिंबं घातलेली युरोपियन अक्षरं दिसतात. कारण तेव्हा मराठी अक्षर असं काही फाइलीत नसायचंच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठीचा तुकडा बसवलेला: काना वेगळा, अर्धा क वेगळा, रफार वेगळा. आणि कुठला तुकडा कुठल्या जागेवर, ते दर कंपनीचं आपापलं. भारतीय लिप्यांसाठीची संकेतप्रणाली इस्की १९९१ ला भारतीय मानक झाली होती, पण छपाईच्या फॉन्टात जो तो आपलं घोडं दामटत होता. एका कंपनीच्या फॉन्टातला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टात टाकला की 'गणपती'चं काहीच्या काही.

माझं पॅकेज कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही. त्याला डोंगल होतं, म्हणजे कॉपी करून वापरता येऊ नये म्हणून दिलेली किल्ली, प्रिंटरच्या पोर्टात लावायची. ते पोर्ट आता नव्या मशीनला सहसा येत नाही. कंपनीला फोन केला तर म्हणे नवीन व्हर्जन घ्या. जुन्या फायली? त्यावर पलीकडं शांतता.

तेव्हा खुडबुड्या, तुमचं मशीन तुमच्या मालकीचं असेल. माझा मजकूर मात्र माझ्या मालकीचा कधीच नव्हता.

सनीवेलचा सदू:
दादा, राग मानू नका, पण युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतप्रणालीची, पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ ची. देवनागरी त्यात पहिल्यापासून आहे. विंडोज २००० मध्ये मंगल हा युनिकोड फॉन्टही आला. तुमच्यासारख्यांनी तेव्हाच बदल केला असता तर आज हे रडगाणं नसतं. महाराष्ट्रातले छापखाने वीस वर्षं झोपले, याला कॉम्प्युटर काय करणार?

चौदा पॉइंट:
झोपले? अमेरिकेत सनीवेलमध्ये बसून झोप मोजताय होय आमची?

पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, २००१ ची. तिला तुमची युनिकोडमधली देवनागरी शेवटपर्यंत कळली नाही. आणि पेजमेकर सोडून पान लावायचं कशात, वर्डमध्ये? विंडोज एक्सपी आलं तरी मराठी आपोआप दिसत नव्हती. कंट्रोल पॅनेल, रिजनल सेटिंग, तिथं 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकटीत टिक, मग ते एक्सपीची सीडी मागणार. ती सीडी कुठली, ते तिरकस यांनी वर सांगितलंच आहे. एवढं करून पडद्यावर येणार तो मंगल, ज्यातला ल आणि श हिंदी वळणाचा. गिऱ्हाईक विचारतं, 'हा ल असा का हो?' त्याला काय युनिकोडची आवृत्ती दाखवू?

आणि 'दुसऱ्या'मधला र. तो दोन प्रकारांनी लिहून ठेवलाय लोकांनी. कुणी साध्या र ला हलन्त देऊन पुढं न दिसणारा जोडणारा घातला, कुणी नुक्त्याचा ऱ वापरला. दिसायला एक, शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा नाही. तुमच्या युनिकोडमध्येच हा गोंधळ आहे. तेव्हा उपदेश जरा बेतानं.

सनीवेलचा सदू:
ऱ चा गोंधळ खरा आहे, मान्य. पण एकदा मजकूर युनिकोडमध्ये आला की शोधता येतो, फोनवर वाचता येतो, नातवंडांना उघडता येतो. तुमच्या जुन्या फॉन्टात ते शक्य होतं का? मी इथे बरहा सॉफ्टवेअर वापरून पहिली मराठी ईमेल आईला पाठवली. तिला चौकोन दिसले हे सोडा. पण पुढच्या वर्षी दिसली! रोमनमध्ये टाइप करायचं, मराठी उमटते. शिकायला पाच मिनिटं.

शुभदा४०:
पाच मिनिटं! सदूभाऊ, याला टायपिंग म्हणतात का?

मी मराठी टंकलेखनाची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा दिलेली बाई. सरकारी कचेरीत आयुष्य काढलं. आधी गोदरेजचं मशीन, मग साहेबांनी कॉम्प्युटर आणून ठेवला. जुन्या फॉन्टात रेमिंग्टनचा, म्हणजे टाइपरायटरसारखाच, कीबोर्ड होता, म्हणून माझी बोटं तशीच चालली. मग युनिकोड आलं आणि सांगितलं की आता इन्स्क्रिप्ट हा सरकारी कीबोर्ड शिका. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. मात्रा आधी की अक्षर आधी, सगळं उलटं. मशीनवर 'कि' लिहिताना वेलांटी आधी दाबायची सवय, इथे क आधी. माझ्या हाताखालची मुलं फोनवर बोलून मजकूर उमटवतात आणि 'मॅडम, तुमचा स्पीड कमी झालाय' म्हणतात. कमी झाला नाही, कमी केला गेला!

आणि तुमच्या रोमनमध्ये 'ख'साठी दोनतीन इंग्रजी अक्षरं बडवायची, तर मराठी माणसाने आपली अक्षरं इंग्रजीतून का काढायची? याचं उत्तर द्या मला.

तिरकस:
शुभदाताई, इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं. आठवड्यात बसतं. रेमिंग्टन टाइपरायटरच्या लोखंडी कांड्यांसाठी बनवलेला, त्या कांड्या गेल्या. आता तो धरून बसणं म्हणजे निव्वळ हट्ट.

शुभदा४०:
हट्ट तर हट्ट. बसवलंत का तुम्ही आठवड्यात? की सदूभाऊंसारखं रोमनमधलं फोनेटिक वापरून मला शिकवताय?

तिरकस:
फोनेटिक वापरतो. पण तत्त्व म्हणून इन्स्क्रिप्ट चांगलं.

अनुस्वार:
हे भारी आहे. तत्त्व म्हणून.

धागा माझा होता, पण असो. चौदा पॉइंट यांनी माझाच मुद्दा माझ्याहून बरा मांडला. उघडता येणारं मशीन आणि न उघडणारा मजकूर. खुडबुड्या, यावर तुमचे दोन स्क्रू काय करणार?

खुडबुड्या:
काय करणार ते सांगतो. माझ्या पेंटियम थ्रीला प्रिंटरचं ते पॅरलल पोर्ट आहे. विंडोज ९८ आहे, पेजमेकर आहे (कुठून आणलं विचारू नका, तिरकस). दादा, डोंगल आणि इन्स्टॉलेशनची सीडी शाबूत असेल तर घेऊन या, फायली उघडतील. मग तुमच्या फॉन्टसाठी कन्व्हर्टर मिळतो का बघू, काही फॉन्टांचे मिळतात. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हाताने तपासावी लागेल, ती हमखास जागा सोडतात. निदान छापील पीडीएफ तरी काढून ठेवू. तुमच्या 'प्रगत' लॅपटॉपला हे जमणार नाही, ताई.

अनुस्वार:
बरं. पंचवीस वर्षांनी तुमच्या ९८ ला एक काम मिळालं. तेवढ्यापुरता उपयोग मान्य. काम मिळालं ते ९८ च्याच काळात केलेला घोळ निस्तरायला, हेही लिहून ठेवा. आणि ते मशीन नेटला जोडू नका. डेबियन या लिनक्सनेसुद्धा १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटांचं, म्हणजे तुमच्या पेंटियमसारख्या जुन्या मशीनचं, इन्स्टॉलेशन बंद केलंय, म्हणजे लिनक्सची पळवाटही अरुंद झाली.

खुडबुड्या:
जोडत नाहीच. नेट नाही म्हणून तर चाललंय.

चौदा पॉइंट:
डोंगल आहे, सीडी आहे. पण त्या दिवाळीच्या सुरुवातीच्या सहा अंकांच्या फायली झिप डिस्कवर आहेत, फ्लॉपीसारख्या पण शंभर एमबीवाल्या. आणि माझा झिप ड्राइव्हसुद्धा पॅरलल पोर्टचाच होता, डोंगल मधे लावून मागं ड्राइव्ह लावायचो. ड्राइव्ह केव्हाच मेला. खटखट करून मेला. तुमच्याकडं आहे का?

खुडबुड्या:
झिप ड्राइव्ह नाही. फ्लॉपी, सीडी, टेपसुद्धा आहे. झिप नाही. कोणाकडे माळ्यावर पडला असेल तर इथे कळवा, पॅरलल किंवा यूएसबी कुठलाही चालेल, अडॅप्टर शाबूत हवा. येण्याजाण्याचा खर्च मी देतो.

ऑरेंजसिटी:
माझ्या साळ्याकडे आहे एक. पण तो विकणार नाही, अँटिक म्हणून शोकेसमध्ये ठेवला आहे त्याने.

शुभदा४०:
माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.