मदत हवी आहे : विसार दिल्यावर घराची ठरलेली किंमत कमी करायला सांगावी का? (डोंबिवली, रीसेल)

नमस्कार मंडळी,

आम्ही डोंबिवली पूर्वेला रीसेलमध्ये टू बीएचके घेतोय. इमारत 1997 सालची, चार मजली, लिफ्ट नाही. आमचा फ्लॅट चौथ्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. 64 लाखांवर बोलणी मिटली, अक्षय तृतीयेला दोन लाखांचा चेक देऊन विसारपावती केली आणि दोन महिन्यांत साठेखत (विक्रीचा नोंदणीकृत करार) करायचं ठरलं. ती तारीख आता अकरा दिवसांवर आली आहे, आणि मला काका-काकूंना (घरमालकांना मी असंच म्हणते) किंमत थोडी कमी करा म्हणायचंय. गेले चार दिवस आमच्या घरात दुसरा विषय नाही.

एप्रिलमध्ये दोनदा घर पाहिलं तेव्हा भिंतींना नवा डिस्टेंपर होता. "दिवाळीला राहून गेलं होतं, आत्ता काढला," असं काकू म्हणाल्या आणि मला त्यात वावगं काही वाटलं नाही. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सुताराला घेऊन कपाटाची मापं घ्यायला गेलो. बेडरूममध्ये त्याने टेप वर लावली आणि छताचा तळहाताएवढा पोपडा खाली आला. आत गंजलेली सळई दिसत होती. तो स्टुलावर चढला तर कपाटाच्या वर एक निळा प्लास्टिकचा टब, त्यात घडी घातलेला जुना टॉवेल, चिंब भिजलेला. म्हणजे गळतं हे घरात माहीत होतं. काकूंनी एकदा टबाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि "चहा टाकते" म्हणून आत गेल्या. मीही काही बोलले नाही. तिथेच बोलायला हवं होतं, हे आता कळतंय.

मग बँकेसाठी सोसायटीची एनओसी हवी म्हणून सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी सहज सांगितलं की फेब्रुवारीच्या विशेष सभेत ठराव झालाय: गच्चीवर पत्र्याची शेड, बाहेरचं प्लॅस्टर आणि ड्रेनेजच्या लाइनी. प्रत्येक फ्लॅटमागे 1 लाख 80 हजार, पहिला हप्ता गणपतीनंतर. सभेच्या हजेरीत काकांची सही आहे. आम्हाला ना त्यांनी सांगितलं, ना एजंटने.

आणि तिसरं म्हणजे बँकेचं व्हॅल्युएशन 60 लाख आलं. आम्ही 64 च्या 80 टक्के, म्हणजे 51 लाख 20 हजार कर्ज धरून बसलो होतो. बँक करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतला कमी आकडा धरते, त्यामुळे आता 48 लाखच मिळणार. 3 लाख 20 हजारांची सोय स्वतः करावी लागेल.

नवऱ्याचं म्हणणं, बँकच 60 म्हणतेय तर आपणही 60 म्हणावं. मला ते पटत नाही. बँकेने किती किंमत धरली यात काका-काकूंचा काय दोष? 64 ला हो आपण म्हटलं, घर आवडलं म्हणून म्हटलं. पण गळती आणि सोसायटीचा खर्च या दोन गोष्टी त्यांना माहीत होत्या आणि आम्हाला नव्हत्या. आधी कळल्या असत्या तर 64 म्हटलंच नसतं. छताच्या आतल्या कामाचा ठेकेदाराने 95 हजारांचा अंदाज दिलाय (सळया घासून केमिकल लावणं, पॉलिमर मॉर्टर, मग प्लॅस्टर). दोन्ही मिळून 2 लाख 75 हजार होतात. एवढंच मागावं असं माझ्या मनात आहे.

सासूबाई म्हणतात, शब्द दिला की दिला, विसार घेऊन-देऊन झाल्यावर भाव करणं आपल्यात बसत नाही. त्यांचं मला मनापासून पटतं आणि तरीही या वेळी पुरतं पटत नाही. काकांनी बदलापूरला मुलीच्या घराजवळ छोटा फ्लॅट ठरवलाय आणि आमच्या पैशांच्या भरवशावर तिथे विसारही दिलाय. आम्ही ताणलं तर त्यांचं तिकडचं अडेल, हे डोळ्यांसमोर आहे.

एजंटचा सल्ला ऐकून तर मी हादरलेच. "मॅडम, आत्ता काही बोलू नका. रजिस्ट्रेशनच्या दिवशी सगळे जमले की सांगा, तिथून कुणी मागे फिरत नाही." सत्तरीच्या माणसांना असं कोंडीत पकडणं मला जमणार नाही आणि जमवायचंही नाही.

तर ही मागणी योग्य आहे का? विसारपावतीत "घर पाहून, समाधान करून" असं वाक्य आहे आणि आम्ही मागे फिरलो तर विसार बुडेल असंही, मग आमची बाजू लंगडी पडते का? आणि काकांशी हा विषय नेमका कसा काढावा?

——

प्रतिसाद :

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर सहा वर्षं होतो, त्यावरून लिहितो. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) गच्चीतून येणारी पावसाची गळती काढणं हा सोसायटीचा खर्च. त्यामुळे शेडची वर्गणी आणि छताची दुरुस्ती हे दोन वेगळे हिशेब ठेवा. गळतीने खराब झालेल्या आतल्या छताचा खर्चही सोसायटीकडे मागता येईल. काकांच्या सहीने आजच लेखी तक्रार द्या, अजून तेच सभासद आहेत. ठरावाची प्रत घ्या. हप्ता देय होईल तेव्हा भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेट) ज्याचं नाव असेल त्याच्याकडे सोसायटी पैसे मागेल, म्हणजे तुमच्याकडे. तेव्हा तो कुणी भरायचा हे साठेखतात शब्दांत यायलाच हवं. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलेलं आहे. तो अहवाल मागा. सळई दिसतेय म्हणजे अहवाल बघितल्याशिवाय 95 हजारांवर विसंबू नका.

——

प्रतिसाद :

ताई, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या (1882) कलम 55 मध्ये विकणाऱ्यावर जबाबदारी आहे की मालमत्तेतला जो मोठा दोष त्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो त्याने सांगितला पाहिजे. एप्रिलच्या उन्हात, ताज्या रंगाखाली गळती कुणाला दिसणार? "पाहून समाधान" या वाक्याने तुमचं सगळं संपत नाही. फोटो तारखेसह ठेवा, ठेकेदाराचा अंदाज लेखी घ्या. विसारपावती मात्र वकिलाला दाखवा, फोनवर वाचून दाखवू नका.

एक धोका सांगतो. एजंट उद्या म्हणेल, करार 64 चाच ठेवा, काका तीन लाख रोख परत देतील, कर्ज जास्त बसेल. याला साफ नाही म्हणा. ती बँकेची फसवणूक आहे. जी किंमत खरी तीच कागदावर. फक्त रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेल्या दराचा) आकडा तपासा, कारण किंमत त्याखाली गेली तरी मुद्रांक शुल्क त्यावरच लागतं.

——

प्रतिसाद :

मी विकणाऱ्याच्या जागी होते, म्हणून राहवलं नाही. आमच्या गिऱ्हाइकाने सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर, टोकन नंबर हातात असताना दीड लाख कमी करायला लावले. कारणही सांगितलं नाही. आम्ही सही केली, कारण पुढच्या घराचे पैसे त्यातूनच द्यायचे होते. दीड लाख विसरले, तो बाक नाही विसरले. तुम्ही आत्ता, त्यांच्या घरी बसून, कागद दाखवून बोला. एजंटला नेऊ नका. एक मात्र करा, बदलापूरला त्यांना पुढचे पैसे कधी भरायचेत ते आधी विचारा आणि मग आकडा काढा.

——

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रतिसाद वाचून काल संध्याकाळीच गेलो. मी, नवरा आणि सासूबाई. त्या स्वतःहून आल्या.

आधी बदलापूरचं विचारलं. त्यांना वीस तारखेपर्यंत पाच लाख भरायचे आहेत. आम्ही म्हटलं, साठेखताची तारीख पुढे ढकलत नाही, ते पैसे तुम्हाला वेळेवर मिळतील. मग ठेकेदाराचा कागद आणि ठरावाची प्रत पुढे ठेवली. बँकेचा विषय काढलाच नाही. त्यासाठी माझ्या दोन एफडी मोडतोय. काका बराच वेळ कागद उलटेपालटे करत होते. मग म्हणाले, "वर्गणीचं मी सांगायला हवं होतं. गिऱ्हाईक जाईल म्हणून गप्प बसलो." काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या.

1 लाख 80 हजार किमतीतून पूर्ण कमी करायचे, म्हणजे 62 लाख 20 हजार. रेडी रेकनर 57 च्या आसपास आहे, तेव्हा ती अडचण नाही. छताबद्दल काका म्हणाले, सोसायटी किती देते ते कळू दे, उरलेलं अर्धं-अर्धं करू. आम्ही हो म्हटलं. तक्रारीचं पत्र आज सकाळी त्यांनी सेक्रेटरींना दिलं, पोच माझ्याकडे आहे. ऑडिटचा अहवाल तीन वर्षांपूर्वीचा आहे, तो शनिवारी मिळेल.

आता एकच अडलंय. ही नवी किंमत जुन्या विसारपावतीच्या मागे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या तर चालेल, की ती रद्द करून नवी करावी? आणि छताचे अर्धे पैसे साठेखतात कसे लिहायचे, कारण आकडा अजून पक्का नाही? शेवटच्या हप्त्यातून 50 हजार राखून ठेवायचे असं मनात आहे, पण काकांना तो अविश्वास वाटायला नको. वकिलांकडे बुधवारी जातोय. त्याआधी कुणी असं लिहून घेतलं असेल तर कृपया शब्दरचना कळवा.