'पापाच्या दास्यातून' काय : सुटका, मुक्ती की तारण?

मुळाक्षर : बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. मथळा 'पापबंधनातून मुक्ती' असा होता. मुद्रितशोधकांनी तो 'पापाच्या दास्यातून तारण' केला आणि समासात लिहिलं, "मुक्ती हिंदू वाटते." कोणता ठेवावा?

खडीसाखर : 'बंधन' काढलं ते बरं झालं. मूळ ग्रीकमध्ये 'दूलॉस' आहे, म्हणजे गुलाम. बंधन राखीचंही असतं. गुलामाला मालक असतो. 6:18 (6व्या अध्यायातलं 18वं वचन) वाचा : पापाच्या तावडीतून सुटलेला माणूस मोकाट हिंडत नाही, नीतिमत्त्वाचा दास होतो. 'बंधन' म्हटलं की नुसती दोरी सुटते, मालक बदललेला दिसतच नाही.

टाकबोरू : दास्य कबूल. पण तारण? लोकांना 'सोने तारण कर्ज' आठवणार.

खडीसाखर : क्रियापद सांभाळलं की झालं. 'तारण ठेवणे' बँकेतलं, 'तारण होणे' चर्चमधलं. 'तारण मिळणे' लिहिलंत की घोळ. माझी हरकत वेगळीच आहे. तारण 'तॄ' धातूवरून, म्हणजे पार नेणं. बुडणाऱ्याचं तारण होतं, गुलामाची सुटका होते. एका मथळ्यात दोन्ही रूपकं कोंबू नका.

सातवा_वेलांटी : 'मुक्ती हिंदू वाटते' हे काय कारण झालं? पंडिता रमाबाईंनी केडगावच्या संस्थेचं नावच 'मुक्ती' ठेवलं. फादर स्टीफन्सच्या 1616 च्या ख्रिस्तपुराणात तर स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलंय. आणि बायबलमध्येच योहान 8:32 मध्ये सत्य काय करील? 'बंधमुक्त' करील. घ्या, बंधनही आलं.

टाकबोरू : वैकुंठ आज कुठल्या उपदेशात ऐकलंत? शब्द एकदा चालला म्हणून कायम चालतो असं नाही. 'मोक्ष' तर नकोच, त्यात जन्ममरणाचा फेरा गृहीत आहे. शेजारचा म्हणून मुक्तीवरही त्याची सावली पडते.

सातवा_वेलांटी : दोन्ही 'मुच्' (सोडवणं) धातूचीच लेकरं, पण 'व्यसनमुक्ती' वाचून फेरा कुणाला आठवतो?

जमाखर्च : तिथंच तर गोची आहे. 'व्यसनमुक्ती', 'हागणदारीमुक्ती' यांत ती गोष्ट उरतच नाही. 'पापमुक्ती' वाचून नवखा समजतो की आता हातून पापच घडणार नाही. पुढच्या आठवड्यात घसरला की त्याला वाटतं, आपला विश्वासच खोटा. पौल म्हणतो, पापाची सत्ता तुमच्यावर चालणार नाही. मोह संपला असं म्हणत नाही. म्हणून तर 6:12 मध्ये "पापाला राज्य करू देऊ नका" ही आज्ञा आहे. फरक कर्जमाफी आणि कर्जमुक्तीइतका समजा : क्षमा म्हणजे थकबाकी माफ, सुटका म्हणजे सावकाराचा वाड्यावरचा हक्कच संपला.

टाकबोरू : उपमा चांगली, पण माफी फुकट असते. इथं किंमत मोजलेली आहे. मार्क 10:45 मध्ये 'खंडणी' आहे, ग्रीक 'लूत्रॉन' : गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला भरायची रक्कम.

सातवा_वेलांटी : खंडणी! आता पोलिसांचं खंडणीविरोधी पथक आठवतं. देणारा बिचारा आणि घेणारा गुंड. मग देवाने ती कुणाला दिली, सैतानाला?

जमाखर्च : हा वाद जुना आहे. आद्य ख्रिस्ती धर्मपंडित ओरिजेन म्हणाला, सैतानाला. दुसरा धर्मपंडित अन्सेल्म, त्याने 11व्या शतकाच्या अखेरीस ते खोडून काढलं.

खडीसाखर : 'मुक्तिमूल्य' करा.

टाकबोरू : कागदी शब्द. सभेत कुणी उच्चारणार नाही. त्यापेक्षा 1 करिंथ 6:20 मधलं 'मोलाने विकत घेतलेले' सरळ आहे.

मुळाक्षर : मथळा उद्या छपाईला जातोय. 'पापाच्या दास्यातून सुटका' ठेवू का?

जमाखर्च : 'सुटका' तुरुंगातली वाटते. बाय द वे, 6:23 मधलं 'पापाचे वेतन मरण' कसं घेतलंत? 'ऑप्सोनिया' म्हणजे शिपायाचा शिधापगार. लूक 3:14 मध्ये शिपायांना हाच शब्द वापरलाय. 'मजुरी' नको, 'वेतन' सरकारी.

सातवा_वेलांटी : आणि पाप की पातक? जुन्या करारातल्या शास्ते 20:16 मध्ये केसावरही नेम न चुकणारे 700 डावखुरे गोफणवाले आहेत. तिथं 'चुकणे'साठी जे हिब्रू क्रियापद आहे, तेच पाप करण्यासाठीही. पातकात पडणं आहे, नेम चुकणं नाही.

टाकबोरू : म्हणजे 'चूक' म्हणायचं? मग सगळंच हलकं होतं.