मदत हवी आहे: बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) काढल्यावर ब्रेक पेडल दगडासारखं झालंय

नमस्कार मंडळी. नाशिकला घरीच एक जुनी जीप बांधतोय. पुढे डिस्क, मागे ड्रम. इंजिन बदललं तेव्हा बूस्टरला जागाच उरली नाही, म्हणून मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलतो तो) थेट फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर बसवला. गाडी थांबते, पण द्वारका चौकाच्या गर्दीत अर्ध्या तासात उजवी पोटरी भरून येते. कसारा घाट उतरायची तर अजून हिंमतच केलेली नाही.

काल टेप लावून मापं घेतली. पिव्हटपासून (पेडल ज्यावर फिरतं तो बिंदू) पेडलच्या रबरापर्यंत १२ इंच, पिव्हटपासून पुशरॉडच्या (पेडलचा जोर सिलेंडरला देणारी दांडी) पिनपर्यंत ३ इंच. म्हणजे पेडलचा रेशो ४:१, बूस्टरवाल्या गाडीचा. बिनबूस्टरला साधारण ६:१ लागतो, म्हणजे पिन पिव्हटपासून २ इंचावर हवी. पण तिथे भोक पाडलं की पुशरॉड तिरका होतो. मग सिलेंडरही सरकवावा लागेल. पेडल कापून वेल्डिंग करायला माझं मन धजत नाही, ब्रेक आहे बाबा.

दुसरा पर्याय सिलेंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास. आत्ता १ इंच आहे. ७/८ घेतला तर तेवढ्याच जोरात दाब अंदाजे ३० टक्के वाढेल, पण पेडलही तेवढंच जास्त खाली जाईल.

ब्रेक लाइनमधली एअर नीट काढलीय, ड्रमही ॲडजस्ट आहेत. आधी काय करू, रेशो की बोअर? दोन्ही एकदम केलं तर पेडल फ्लोअरला टेकेल का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया मापांसकट सांगा. सातपूर-अंबडकडे पेडल ब्रॅकेट नीट बनवून देणारा कुणी माहीत असेल तर तेही कळवा.