रॅपमधल्या ओळी कोर्टात पुरावा म्हणून कशा काय चालतात?

शब्दांचा_नाद:
मंडळी, यंग थग या अमेरिकन रॅपरच्या केसबद्दल वाचतोय. अटलांटाला 2022 मध्ये गँग चालवतो म्हणून त्याला पकडला आणि पुढच्या वर्षी जजने त्याच्या नि त्याच्या साथीदारांच्या गाण्यांतल्या 17 ओळी ज्युरीपुढे (दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांपुढे) ठेवायला अटी घालून परवानगी दिली. गाण्यातला 'मी' म्हणजे आरोपीच असं कायदा धरून चालतो का? आमचा पण छोटा रॅप ग्रुप आहे, निम्म्या व्हर्समध्ये हाणामारी असते, म्हणून जरा जास्तच टोचलं.

कोर्टकचेरी:
तसं थेट नाही धरत. 'हा माणूसच असला आहे, म्हणजे यानेच केलं असणार' असं सांगायला तिथे मनाई आहे. पण हेतू, कट, ओळख सिद्ध करायला जुन्या गोष्टी आणता येतात आणि ओळी त्याच फटीतून आत शिरतात. न्यू जर्सी राज्यातली स्किनर नावाच्या आरोपीची गोळीबाराची केस वाच. गाडीच्या मागच्या सीटवर रॅपच्या वह्या सापडल्या, त्यातली 13 पानं ज्युरीला वाचून दाखवली, आणि त्यातलं बरंचसं गोळीबाराच्या कितीतरी आधी लिहिलेलं! अपील कोर्टाने शिक्षा रद्द केली आणि 2014 ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम ठेवला. गायक बॉब मार्लेने शेरीफला (पोलीस अधिकाऱ्याला) गोळी घातल्याचं गाणं लिहिलं म्हणून त्याने खरंच घातली असं कोणी मानत नाही, हे कोर्टानेच निकालात म्हटलंय.

गल्लीबॉय_नाशिक:
मॅक फिप्सचं तर वाचून रक्त खवळतं. न्यू ऑर्लिन्सचा रॅपर, आधीचा एकही गुन्हा नाही. 2001 च्या खटल्यात सरकारी वकिलाने दोन वेगवेगळ्या गाण्यांतले तुकडे जोडून ज्युरीला ऐकवले, म्हणजे त्याने कधी लिहिलंच नाही असं वाक्य तयार झालं. दुसऱ्या माणसाने गुन्हा कबूल केला होता तरी याला 30 वर्षं. पॅरोलवर सुटला 2021 ला. हा कसला पुरावा?

साधा_माणूस:
पटतंय, पण सरसकट बंदी नको. खुनाची जागा, हत्यार, बाहेर कुणाला माहीतच नसलेली गोष्ट गाण्यात आली तर पोलिसांनी डोळे मिटायचे का? मेलेल्याच्या घरच्यांचा पण विचार करा.

कोर्टकचेरी:
अगदी बरोबर, आणि बंदी कोणी मागतच नाहीये. कॅलिफोर्नियाचा जानेवारी 2023 पासून लागू झालेला कायदा हेच सांगतो, ज्युरी बाहेर असताना आधी जजने तपासायचं, ओळ त्याच घटनेच्या सुमाराची आहे का, तिच्यात त्याच गुन्ह्याचा बाहेर न आलेला तपशील आहे का, आणि ती ऐकून ज्युरीचं मन उगाच कलुषित होईल का. ही भीती हवेतली नाही. 90 च्या दशकात एका संशोधिकेने जुन्या लोकगीताचे शब्द लोकांना वाचायला दिले, काहींना सांगितलं हे रॅप आहे, काहींना सांगितलं लोकगीत किंवा कंट्री (अमेरिकन ग्रामीण ढंगाचं संगीत). शब्द तेच, पण रॅप समजून वाचणाऱ्यांना ते जास्त धोकादायक वाटले.

शब्दांचा_नाद:
आणि 2023 ला आपल्याकडे मराठी रॅपरवर गुन्हे दाखल झाले ते यातच येतं का?

कोर्टकचेरी:
नाही रे, तिथे गाणं हाच गुन्हा असा आरोप होता. स्किनर, फिप्स यांच्यात गुन्हा वेगळा आणि गाणं फक्त साक्षीला. यंग थगचं म्हणशील तर ऑक्टोबर 2024 ला त्याने काही आरोप कबूल केले, 15 वर्षांच्या प्रोबेशनवर (तुरुंगाबाहेर, पण अटी नि देखरेखीखाली) बाहेर आला, त्यामुळे त्या ओळींचं ज्युरीने काय केलं असतं ते कळायचं राहिलंच. तू लिहितोस ते तारीख टाकून ठेवत जा. स्किनरला लिखाण आधीचं आहे या मुद्द्याचा फायदा झालाच.