बरं वाटतंय म्हणून दम्याचा रोजचा पंप सोडावा का?

सांजवेळ (धागाकर्ती)

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून दमा. गेल्या वर्षी त्याने श्वसनाचे व्यायाम अगदी मनापासून सुरू केले. रोज सकाळी अर्धा तास, नाकाने सावकाश श्वास आत, ओठांचा चंबू करून बाहेर. तीन महिन्यांत जिना चढताना लागणारी धाप कमी झाली, रात्रीची झोप सलग लागायला लागली. मग कुणालाही न विचारता त्याने स्टेरॉइडचा रोजचा पंप कपाटात ठेवून दिला.

पाचव्या आठवड्यात रात्री दोनला मला जाग आली, तर तो पलंगाच्या कडेवर दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून बसलेला. प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळी आत ओढली जात होती. "पाणी" एवढा एकच शब्द त्याला एका दमात बोलता आला. तातडीच्या पंपानेही उतार पडेना, तेव्हा रुग्णालय गाठलं.

आता तो बरा आहे. पण म्हणतो, "व्यायामाचा दोष नाही, मी घाई केली एवढंच." माझं म्हणणं असं, की व्यायाम जरूर करावेत, पण बरं वाटतंय एवढ्यावर पंप सोडू नये. तुम्हाला काय वाटतं?

मोकळा श्वास

ताई, वाचून वाईट वाटलं. तरी मी भावाच्या बाजूने बोलणार. चौदा वर्षं रोजचा पंप घेतोय आणि इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरने "घेऊन दाखवा बघू" म्हटलेलं नाही. पुन्हा तीच चिठ्ठी. आवाज घोगरा झाला, तोंडात दोनदा बुरशी झाली.

छाती भरली की मी घाबरायचो, घाबरलो की श्वास उथळ आणि भराभर व्हायचा, त्याने छाती आणखी आवळायची. व्यायामांनी ते चक्र तुटलं. तातडीचा पंप रोज लागायचा, तो आता महिन्यातून एखाद्या वेळी लागतो. मग जन्मभर स्टेरॉइड कशाला?

खलबत्ता

मी फार्मसिस्ट आहे. स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात, म्हणून आधी मात्रेचं सांगते. ब्युडेसोनाइड हे रोजच्या पंपातलं एक स्टेरॉइड, त्याच्या पंपाच्या एका मात्रेत साधारण 100 ते 200 मायक्रोग्रॅम औषध असतं. मोठा झटका आला की प्रौढांना प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, त्या बहुधा दिवसाला 40 मिलिग्रॅम, म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम. दोन्हींची ताकद सारखी नसते, त्यामुळे आकड्याला आकडा लावून चालणार नाही. पण गोळी रक्तातून सगळ्या शरीरभर जाते, पंपातलं औषध मुख्यतः श्वासनलिकांत काम करतं. पंप टाळून वर्षातून दोनदा गोळ्या घ्याव्या लागल्या, तर वाचवलं काय?

मुळाशी जा

पंप फक्त लक्षणं दाबतो. वाफ, काढा आणि योग्य दिनचर्या रोगाच्या मुळावर घाव घालतात. वनस्पती निरुपद्रवी असतात, रसायनं नसतात.

सांजवेळ

हे मला अजिबात मान्य नाही, आणि अशाच वाक्यांनी माझा भाऊ फसला. तातडीचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, पण आतली सूज तशीच राहते. ती सूज उतरवतो तो रोजचा पंप. म्हणून तर दम्याच्या उपचारांबद्दल जगभर मार्गदर्शन करणाऱ्या 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या संस्थेने 2019 पासून नुसत्या तातडीच्या पंपावर राहू नका, असं सांगायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंचा आढावा 2014 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या चिठ्ठ्यांची नोंद मिळाली अशा 165 जणांपैकी 65 जणांना शेवटच्या वर्षात तातडीचे 12 हून जास्त पंप लिहून दिले होते. आराम पडत राहिला, की धोका कळत नाही.

खलबत्ता

वनस्पतींबद्दल थोडं. एफेड्रा नावाच्या वनस्पतीपासून एफेड्रीन हे औषध 1885 मध्ये वेगळं काढलं गेलं. ते श्वासनलिका खरंच मोकळ्या करतं, आणि हृदयाचे ठोके नि रक्तदाबही वाढवतं. रॉयल जेली तर मधमाशीची, पूर्ण नैसर्गिक, पण तिने दमेकऱ्यांना जीवघेणे झटके आल्याची नोंद आहे. आणि उग्र वासाच्या तेलाची वाफ काहींच्या नळ्या आणखी आवळते.

मोकळा श्वास, तुमची तक्रार मात्र शंभर टक्के रास्त. घोगरा आवाज आणि बुरशी होते ती औषध घशातच बसल्यामुळे. फवाऱ्याचा पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबत सावकाश आत घ्यायचा, मग जमेल तसा दहा सेकंदांपर्यंत रोखायचा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर घशात औषध खूपच कमी बसतं. नंतर चूळ भरून थुंकायचं. पावडरच्या पंपाला मात्र उलट, झटक्याने जोरात ओढावं लागतं. दोन्हींत गल्लत करणारे मी रोज बघते.

मोकळा श्वास

माझा पंप पावडरचा आहे आणि मी चौदा वर्षं हळू ओढतोय. हे आज कळावं याचा राग येतोय.

तरी एका मुद्द्यावर ठाम आहे. दमा तीन महिने आटोक्यात असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली मात्रा पायरीपायरीने कमी करतात, हे उपचारांच्या नियमातच आहे. ते रुग्णाला कुणी सांगत नाही, म्हणून लोक गुपचूप सोडतात. तुमच्या भावाला ही वाट आधी सांगितली असती तर?

सांजवेळ

हे मात्र मी मान्य करते. त्याने विचारलं नाही आणि त्याला कुणी सांगितलंही नाही. आता व्यायाम चालू आहेत, पंपही, आणि रोज सकाळी पीक फ्लो मीटरमध्ये (जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारं साधन, आकडा घसरला की नळ्या आवळल्यात असं समजायचं) फुंकून आकडा वहीत लिहितो. नेहमी 480 च्या आसपास असतो. गेल्या आठवड्यात 430 आला, दुसऱ्या दिवशी 370. मी वही समोर धरली तर म्हणाला, "ताई, पण मला काहीच होत नाहीये गं." दुपारी डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, तर दोन्ही बाजूंना घरघर होती.